तिसऱ्या अंकातली खुर्ची

"खरंच काही आठवत नाही?"

थोरल्याने धाकट्या भावाला हे विचारलं. खरं काय ते धाकट्याला ठाऊक होतं. आणि मला. मी नाटकातल्या राजाची खुर्ची बोलतेय.

मला धाकट्याने घडवलं. तो सुतार. शाळा चौथीत सुटली. "मी नाही सोडली, तिनेच मला सोडलं," असं तो सांगायचा. जुन्या दाराच्या फळ्या जोडून त्याने मला उभं केलं, सोनेरी रंग फासला, आणि घाईत माझा मागचा एक पाय बोटभर आखूड कापला. त्याचं सगळंच तसं. आधी करवत, मग माप.

थोरला नाटककार. सगळी नाटकं ऐतिहासिक. प्रयोग नसला की मी त्याच्या खोलीत असायचे. माझ्यावर बसल्याशिवाय त्याला राजाची वाक्यं सुचत नसत. सैनिकांची वाक्यं तो स्टुलावर बसून लिहायचा.

अंक पुरा झाला की तो धाकट्याला एकदाच वाचून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा, "काय राहिलं लक्षात?" धाकट्याला आठवेल ते ठेवायचं, बाकीचं फाडून चुलीत. "प्रेक्षक काय वही घेऊन येतो का?" तो म्हणायचा.

शेवटच्या नाटकाचा तिसरा अंक त्याने असाच वाचला. हरलेला राजा किल्ला सोडताना धाकट्या भावाचा निरोप घेतो, असा तो अंक होता. ऐकताना धाकट्याने माझी पाठ घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी मला तालमीला नेलं. राजाचं काम करणाऱ्या नटाने धाकट्याला डिवचलं, "काय हो, नाटकातलं कळतं का काही तुम्हाला?"

थोरलाच हसून म्हणाला, "अहो, ती आमची चाळणी! चाळणीला कुठे कळतं पीठ कशाचं आहे ते?"

सगळे खो खो हसले. धाकटा खाली मान घालून माझा खिळा ठोकत राहिला.

घरी आल्यावर थोरल्याने नेहमीसारखं विचारलं.

"एक शब्द नाही," धाकटा म्हणाला.

"खरंच काही आठवत नाही?"

धाकटा करवत उचलून बाहेर निघून गेला. थोरल्याने अख्खा अंक फाडला.

मग दोन महिने तो माझ्यावर बसून नवा अंक लिहू पाहत होता. छातीत दुखायचं, ते कुणाला सांगितलं नाही. धाकटा रोज दारापर्यंत यायचा, दादाचा उतरलेला चेहरा बघायचा आणि तसाच माघारी फिरायचा. एका सकाळी थोरल्याने माझ्या हातावर मान टाकली. वहीत एवढंच होतं: 'अंक तिसरा'.

नाटकमंडळींनी दोन अंकांवरच पडदा पाडायचं ठरवलं. वहिनीने मला चादरीखाली झाकलं.

काल दुपारी धाकट्याने ती चादर ओढून काढली.

"वहिनी, वही घ्या. मला सगळं आठवतंय. तेव्हाही आठवत होतं."

वहिनीने वही घेतली. "मग बोलला का नाहीत, भाऊजी? ते रोज कागद फाडत होते हो."

तो रडायला लागला. वहिनीने डोळे पुसले आणि वही उघडली. "सांगा. बसा तरी."

"नको. ती दादाची जागा आहे."

उभ्यानेच, माझी पाठ धरून, त्याने अख्खा अंक सांगितला. थोरला वाचताना जिथे खोकला होता, तिथे तोही थांबला.

माझं एकच मागणं आहे. या नाटकाचा प्रयोग कराल, तेव्हा शेवटच्या वाक्यानंतर मला रिकामी ठेवू नका. राजाच्या धाकट्या भावाला माझ्यावर बसवा. माझ्या धाकट्याला काही ते जमलं नाही.

त्या शेवटच्या वाक्यापाशी येऊन तो अडला. वहिनीने लेखणी टेकवली आणि वाट बघितली. मग तो दादाच्या आवाजात बोलला,

"बस इथे. तू उभा राहिलास, म्हणून मी बसू शकलो."