हेडविगबाईंची कोबीची बरणी

मला पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस हमखास म्हणतो, "अरे वा, लोणच्याची बरणी!" मित्रांनो, मी ते मुकाट्याने ऐकून घेते. पण खरे सांगायचे तर मी कोबीची बरणी आहे. रंगाने राखाडी, पोटावर निळी फुले आणि अंगाने चांगली जाडजूड. मला एकट्याने उचलायला जाऊ नका, कंबर धरेल. माझ्या तोंडाभोवती एक खोल पन्हळ आहे. तिच्यात पाणी भरायचे आणि त्या पाण्यात झाकण बसवायचे. मग आतली हवा बुडबुडे काढत बाहेर पडते, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. ही पन्हळ हाच माझा खरा दागिना. पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरूनच झाला.

माझा जन्म जर्मनीतला. हेडविगबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने मला दिले. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर काही वर्षांनी त्या आणि त्यांचे यजमान एर्विन बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा माझ्यावरून दोघांचे चांगलेच वाजले. "हे धूड कशाला?" असे एर्विन पुन्हा पुन्हा विचारत होते. हेडविगबाईंनी माझ्या पोटात मोजे, टॉवेल आणि दोन स्वेटर कोंबले. "हे धूड नाही, ही पेटी आहे," त्या म्हणाल्या. अशी मी पेटी होऊन समुद्र ओलांडला.

एर्विनना तिथल्या डँडेनॉन्ग गावातल्या एका कारखान्यात लेथवर काम मिळाले. वर्षभरात मुलगी झाली, तिचे नाव गुडरून. तिथल्या आमच्या लाकडी घरातले दिवस आठवले की अजून बरे वाटते. थंडीची चाहूल लागली की हेडविगबाई कोबी बारीक चिरायच्या, मीठ घालून मुठीने चेचायच्या, त्यात थोडे शहाजिरे टाकायच्या आणि सगळे माझ्या पोटात दाबून वर दोन दगड ठेवायच्या. मग मी पाच-सहा आठवडे कोपऱ्यात बसून बुळुक बुळुक करत असे. लहानगी गुडरून माझ्या पोटाला कान लावायची आणि ओरडायची, "हिला उचकी लागली!" कोबी आंबून तयार झाला की एर्विन दोनदा वाढून घेत. माझे कौतुक व्हायचे आणि मी फुगून जायचे.

मग गुडरून शाळेत जाऊ लागली. डब्यात काळा पाव आणि त्यात आंबट कोबी. डबा उघडला की मुले नाक धरून लांब बसत आणि तिला नाही नाही ते चिडवत. लढाई संपून पंधरा वर्षे झाली होती, पण शाळेच्या आवारात ती चालूच होती. एके दिवशी घरी येऊन तिने दप्तर फेकले. "आपल्या घराला घाण वास येतो," ती इंग्रजीत ओरडली. "मला सगळ्यांसारखा पाव दे. आणि रस्त्यात माझ्याशी जर्मन बोलू नकोस!" हेडविगबाई सिंकपाशी उभ्या होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसले, एवढेच.

शाळेत गुडरूनची ट्रूडी झाली. हेडविगबाई आणखी काही वर्षे कोबी घालत राहिल्या, पण चोरून, लेक शाळेत असताना. पुढे तेही थांबले. ट्रूडी युनिव्हर्सिटीत गेली, सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये लागली आणि तिने जवळच टूनगॅबीला घर घेतले. एर्विन गेल्यावर आई तिच्याकडे आली. आईबरोबर मीही आले आणि थेट गॅरेजात, रंगाच्या डब्यांच्या मागे जाऊन पडले. पन्हळीत कोळ्यांनी संसार थाटले. मित्रांनो, फुटलेल्या बरणीसाठी निदान लोक हळहळतात. धडधाकट बरणीला कोणी विचारत नाही, याचे फार वाईट वाटायचे.

साल त्र्याण्णव असेल. सत्तरी गाठण्याआधीच हेडविगबाईंच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटू लागली. आधी इंग्रजी गेले. मग लेकीचा चेहरा गेला. त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवावे लागले आणि तिथे त्यांनी जेवण सोडले. चमचा पुढे आला की तोंड फिरवायच्या. डॉक्टरांनी गुडरूनला स्पष्टच सांगितले, खाल्ले नाही तर त्या फार दिवस काढणार नाहीत.

त्या रविवारी ती गॅरेजात आली आणि रंगाचे डबे बाजूला करून माझ्यासमोर उकिडवी बसली. मग मला कढत पाण्याने घासून काढले. तिने कोबी चिरला, मीठ हातात घेतले आणि थबकली. किती घालायचे? ते तिने कधी विचारलेच नव्हते. आता विचारायला गेले तरी हेडविगबाई नुसत्या बघत बसल्या असत्या. शेवटी तिने अंदाजाने मीठ घातले, दगड ठेवले आणि पन्हळीत पाणी भरले. इतक्या वर्षांनी पोट भरल्यावर मला काय वाटले, ते मी काय सांगू!

दुसऱ्याच सकाळी फोन आला. हेडविगबाई पडल्या होत्या. आता हॉस्पिटल, काम आणि घर अशी गुडरूनची धावपळ होणार होती, आणि गॅरेज तर उन्हाने तापायचे. शेजारी पद्मा आणि विश्राम हे पुण्याहून आलेले जोडपे राहत असे. गुडरूनने आणि विश्रामने मिळून मला त्यांच्या थंड लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, नेऊन ठेवले. "आईसाठी आहे. सहा आठवडे उघडू नकोस," ती पद्माला घाईघाईत म्हणाली आणि गाडीत बसली. पन्हळीबद्दल सांगायचे राहून गेले.

संध्याकाळी पद्मा मला बघायला आली आणि दचकली.

"विश्राम, अरे बघ ना! बरणीच्या तोंडाशी पाणी साचलंय."

"तिने उघडू नको म्हटलंय."

"उघडतंय कोण? नुसती पुसते. लोणच्याला पाणी लागलं की संपलंच सगळं. बिचारी घाईत पुसायची विसरली."

तिने माझी पन्हळ धुतलेल्या फडक्याने कोरडी ठणठणीत केली. वर मलमलीचा स्वच्छ दादरा बांधला, अगदी तिच्या माहेरी बांधत तसा. पुढे रोज आंघोळ झाल्यावर ती येऊन बोट फिरवायची आणि समाधानाने जायची. मी आतून कळवळून म्हणत होते, "अगं बाई, पाणी घाल!" पण बरणीचे कोण ऐकते? आणि तिच्यावर रागवावे तरी कसे? इतक्या मायेने मला आजवर कोणी पुसले नव्हते.

सहा आठवड्यांनी गुडरून आली. हेडविगबाई हॉस्पिटलात नळीतून दिलेल्या अन्नावर तगून नर्सिंग होममध्ये परतल्या होत्या, पण आता इतक्या वाळल्या होत्या, की त्या बसल्या तरी खुर्ची उरायची. दादरा सुटला, झाकण उघडले. वर पांढरी साय धरली होती आणि लाँड्रीभर उग्र वास सुटला. पद्माची आठ वर्षांची मैथिली डोकावली. "ईऽ! आई, इट स्टिंक्स!" असे म्हणून ती पळाली. गुडरूनचा चेहरा एकदम उतरला.

"इथलं पाणी कुठे गेलं?"

"मी पुसलं," पद्मा म्हणाली. "रोज पुसत होते." मग तिला उमगले. "म्हणजे ते हवं होतं? अगं, आमच्याकडे बरणीला थेंबसुद्धा लागू देत नाहीत. सॉरी गं, ट्रूडी."

"नो वरीज," गुडरून म्हणाली, पण खाली फरशीवरच बसली. "फेकून दे. नवीन घालायचा तर आणखी सहा आठवडे. आईकडे तेवढे नाहीत."

पद्माने डोळे पुसले आणि लाकडी चमचा आणला. "वरचं काढून तर बघू. खालचं चांगलं असेल." तिने कडेने साय उचलली, तशी गुडरून झटकन उठली आणि चमचा तिच्या हातातून घेतला.

"आई असंच करायची," ती म्हणाली. "अगदी असंच."

दगड उचलले. खाली पिवळसर, रसरशीत कोबी होता. दोघींनी चिमूटभर तोंडात टाकला. पद्माचे डोळे आंबटपणाने मिटले. "मस्त झालाय गं!" ती म्हणाली, आणि गुडरून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली, तेव्हा पद्मा मला वरून पुसत होती.

"खाल्लं?" पद्माने विचारले.

"अर्धी वाटी. स्वतःच्या हाताने." गुडरून माझ्या झाकणावर हात ठेवून बोलत होती. "मग एकदम घाबरली. मला नर्स समजून म्हणाली, 'सिस्टर, खिडक्या उघडा. माझी मुलगी शाळेतून येईल आता. तिला हा वास सोसत नाही.'" झाकण नीट बसवत ती म्हणाली, "रोज उघडायची ती, पद्मा. ऐन थंडीतसुद्धा. मला वाटायचं, आमचं घरच गार आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"माझं जर्मन मोडकंतोडकं. म्हटलं, तिला आता आवडतो. तशी तिने वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, 'असं? मग हे तिच्यासाठी ठेवा.'"

मित्रांनो, मी आता गुडरूनच्या स्वयंपाकघरात असते आणि माझ्या पन्हळीत पाणी असते. तुमच्याही घरात एखादी बरणी, एखादा डबा असेल, ज्याचा वास तुम्हाला नकोसा होतो. खुशाल नाक धरा, मी रागवणार नाही. पण त्यात मीठ किती घालतात, ते सांगणारे माणूस आहे तोवर विचारून ठेवा. हेडविगबाई तो हिवाळा जगल्या. लेकीला त्यांनी शेवटपर्यंत ओळखले नाही. दर वेळी त्या अर्धी वाटी खायच्या आणि उरलेली मुलीसाठी बाजूला सारायच्या, आणि गुडरून त्यांच्यासमोर बसून ती संपवायची.