उबेला उघडणारी तार

"आणि ही दुसरी रिकामीच ठेवलीस?" चू नेंगनं विचारलं.

काबाओच्या चिमट्यात वाटाण्याएवढी अ‍ॅल्युमिनियमची वाटी होती. तारेचा एक कण आत ठेवून तिनं झाकण दाबून बसवलं होतं. तसलीच दुसरी वाटी, आत काहीही नसलेली, भट्टीत आधीच जाऊन बसली होती.

"ती रिकामीच लागते, बाबा. दोघींना सारखीच ऊब द्यायची. रिकामी मुकाट तापत जाते. भरलेली मधेच कुठंतरी जास्तीची ऊब मागते, कारण आतला धातू तेव्हा बदलत असतो. तेवढा फरक मशीन टिपतं."

"म्हणजे दोन सुनांना सारखं वाढायचं आणि जास्त कोण मागते ते बघायचं."

"तसंच समजा."

म्हातारा हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली. काबाओनं स्टूल पुढं सरकवलं. फाटकापासून इथवर येताना तो दोनदा बसला होता. कारखान्यात घरच्यांना आणायचा दिवस होता. बाकीच्यांनी पोरंबाळं आणली होती, काबाओनं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाला आणलं होतं.

गेल्याच पंधरवड्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की चू नेंगच्या हृदयाची झडप चुन्यासारखी कडक झाली आहे, असंच चाललं तर पुढचा उन्हाळा दिसायचा नाही. उपाय होता. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप वर न्यायची. पेन्सिलीसारखी घडी घालून नेतात, हृदयात पोचली की ती उमलते. तिचा सांगाडा धातूचा असतो. चू नेंगनं एकच विचारलं होतं, "मेल्यावर काढता येईल?" कापून काढावी लागेल, असं बाई म्हणाल्या. तेव्हा तो उठला होता.

धातू अंगावर घेऊन हमोंग जमातीचा माणूस मातीत जात नाही. बटण नाही, चेन नाही, दाताची टोपीसुद्धा शक्यतो नाही. वाट अडते म्हणतात, आणि मागं राहिलेल्यांना त्रास होतो. मेलेल्या माणसाला कापायचं तर त्याहून नाही. लाओस सोडून अमेरिकेत, सेंट पॉलमध्ये आल्यापासून लोर कुळातल्या मयतांना न्हाऊ घालायचं काम चू नेंगच करत आला होता. कितीकांच्या कपड्यांची बटणं त्यानं स्वतः कात्रीनं उतरवली होती. मुलगे बसले, भाऊबंद बसले, आणि झडप नको असं ठरलं. काबाओ तेव्हा स्वयंपाकघरात कोंबडीच्या रश्श्यात पाला सोडत होती. ती वांग कुळात दिलेली. माहेरच्या बैठकीत लेकीनं बोलायची रीत नव्हती. आणि बोलायचं ठरवलं असतं तरी सांगणार काय? त्याच जातीची तार बावीस वर्षं आपल्या हाताखालून जातेय, एवढंच. त्यावरून काय सिद्ध होतं?

"चालू करू?" तिनं विचारलं.

भट्टी आधी थंड होत गेली, जानेवारीतल्या मिनेसोटाहूनही थंड. मग हळूहळू तापू लागली. पडद्यावर रेघ सरळ चालली होती. चू नेंगनं स्टूल मागं ढकललं आणि तो उभा राहिला. रेघ चालतच राहिली. आणि मग रेघेनं मान वर केली. एक टेकडी चढून गेली, माथ्यावर क्षणभर रेंगाळली, उतरली, पुन्हा सरळ चालू लागली.

काबाओनं रोखलेला श्वास सोडला. रोजच्या कामात श्वास रोखण्यासारखं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. टेकडीच्या पायथ्याचा आकडा लिहायचा, तो ठरल्या हद्दीत आहे का बघायचं, पुढची वाटी घ्यायची. तरी रेघ मान वर करायची तेव्हा दर वेळी तिच्या पोटात काहीतरी हलायचं. नवऱ्याला हे एकदा सांगितलं तर तो म्हणाला होता, तुला भूक लागली असेल.

"त्या धातूला कोण ढकलतंय?" बापानं हळूच विचारलं.

"कुणीच नाही. त्याला एक आकार आधी दिलेला असतो. गार असताना वाकवा, चेपा, ते ऐकून घेतं. ठरावीक ऊब मिळाली की आपल्या आकारात परत जातं."

"परत जातं," चू नेंग म्हणाला. पडद्यावरून त्याची नजर हटेना.

मार्नी, काबाओची साहेबीण, दारात उभी राहून ऐकत होती. कशालाही 'अगदीच वाईट नाही' यापलीकडे न वाखाणणारी बाई. ती आत गेली आणि नापास मालाच्या ट्रेमधून झडपेचा एक सांगाडा घेऊन आली. अंगठ्याएवढा, जाळीदार, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. "दाखव त्यांना," ती काबाओला म्हणाली. "नाहीतरी भंगारातच जायचाय."

काबाओनं तो बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बोटांत चिरडला. कापडासारखा मऊ पडला तो. त्याची काडी करून तिनं बापाच्या तळहातावर ठेवली. काडी थरथरली, अर्धीमुर्धी उघडली आणि थांबली.

"बिघडली?"

"तुमचा हात गार आहे, बाबा." तिनं त्या हाताकडे पाहिलं. नखं निळसर होती. रक्त तिथवर धड पोचतच नव्हतं. "थांबा, मी घेते—"

पण चू नेंगनं हात मागं घेतला होता. त्यानं दोन्ही तळव्यांची ओंजळ केली, शेकोटीवरच्या निखाऱ्याला घालावी तशी तोंडाजवळ नेली आणि फुंकर घातली. फुंकर अपुरी होती. त्यानं थांबून श्वास गोळा केला, पुन्हा घातली. तिसऱ्या फुंकरीला त्यानं ओंजळ उघडली. सांगाडा पुरा उमलून बसला होता, एक घर इकडचं तिकडं नाही.

मार्नीनं चष्मा काढून पुसला.

परत जाताना त्यांनी नदीचा पूल ओलांडला. मग म्हातारा म्हणाला, "इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, पोरगी कारखान्यात डबे भरते."

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

त्या रविवारी त्यानं पुन्हा सगळ्यांना बोलावलं. झडप बसवून घेणार म्हणाला. थोरला मुलगा चेंग उखडला. "बाबा, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. उद्या तिकडं वाट अडली तर? आमच्या पोरांना काही झालं तर? जबाबदार कोण?"

"मी इतक्यांची बटणं काढली," चू नेंग म्हणाला, "एकानंही परत येऊन सांगितलं नाही की चू नेंग, बरं केलंस."

"थट्टा नको."

"थट्टा नाही रे. परकं असेल ते अंगावर नेऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण ते माझ्या फुंकरीनं उघडलं. त्याला परकं कसं म्हणू?" मग त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "आणि काकड्यांची रोपं तयार आहेत. ती कोण लावणार? तू?"

चेंगनं कधी रोप लावलं नव्हतं. बैठक उठली.

झडप बसली. चौथ्या दिवशी चू नेंग हॉस्पिटलच्या जेवणाला नावं ठेवू लागला, तेव्हा सगळ्यांना कळलं की आता तो वाचला. त्यानंतर पाच उन्हाळे तो शहराबाहेर खंडानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर राबला. काकड्या, मोहरीचा पाला, मिरच्या. शनिवारच्या बाजारात तो काबाओला हटकून लोकांपुढं उभी करायचा. "ही माझी लेक. ही धातूची ऊब मोजते." लोक मान डोलवायचे. त्यांना काही कळायचं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत, दुपारचं जेवून खुर्चीत बसला असताना तो गेला.

मयताला दिवसरात्र चालणारे सोपस्कार होते. तोंग पाओ वाट सांगायला आला. मेलेल्याला त्याच्या जन्मगावापर्यंत परत नेणारं सांगणं म्हणणारा आता तो एकटाच उरला होता, चू नेंगचा जुना सोबती. सुरू करायच्या आधी त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "अंगावर धातू नाही ना?"

चेंग खाली मान घालून म्हणाला, "अंगावर नाही. आत आहे."

तोंग पाओनं हातातल्या, कौल लावायच्या बांबूच्या दोन फाका खाली ठेवल्या. दालनात कुजबुज पसरली. मागून कुणीतरी म्हणालं, अजून वेळ आहे, हॉस्पिटलात नेऊन काढून आणा. "बापाला कापू?" चेंग म्हणाला. तोंग पाओ शवाजवळ गेला. "मला हे पुढं काय आणि कसं सांगायचं ते माहीत नाही," तो म्हणाला. "तिकडं पूर्वज विचारतील. मी खोटं सांगणार नाही."

"काबाओला विचारा," चेंग म्हणाला.

ती बायकांच्या बाजूला होती. उठून आली.

"तुला ठाऊक आहे ती वस्तू?" तोंग पाओनं विचारलं.

"हो, काका."

"लोखंड आहे?"

"लोखंड नाही. दोन धातू एकत्र वितळवून केलेली तार आहे. गार असली की घडी होते. माणसाच्या उबेला उघडते. बाबांच्या आत बाबांच्याच उबेला उघडली."

"तिला कसं कळतं, कधी उघडायचं ते?"

धातूतले कण आपापल्या जागी परत जातात, हे काबाओनं वाचलेलं होतं. दुसऱ्या कुणाला तिनं ते सांगितलंही असतं. "मी फक्त ऊब मोजते, काका," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं मोजतेय. रोज बघते, तरी बघताना गप्प व्हायला होतं."

तोंग पाओनं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते, जणू शब्द तोंडात घालून चाखून पाहत होता. मग त्यानं फाका उचलल्या आणि सुरुवात केली.

ज्या ज्या जागी राहिलास, तिथल्या मातीचे आभार मान, असं तो मेलेल्याला सांगत गेला. सेंट पॉलचं घर आलं. खंडाची जमीन आली, काकड्यांचे वेल आले. मग आवाज जरा खाली आला. दारावर ते विचारतील, छातीत काय आणलंस. सांग, चोरून आणलं नाही. सांग, लोखंड नाही. गारठ्यात मिटतं, उबेला उघडतं असं आहे, त्यानं मला पाच पिकं दाखवली, त्याचेही आभार मान. माझ्या लेकीनं त्याची ऊब मोजली, असं सांग, आणि पुढं चालू लाग.

ढोल वाजला. आभाराच्या त्या ओळीला मान द्यायला बायका रीतीप्रमाणे उभ्या राहिल्या, आणि सांगणं पुढं सरकलं, थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीकडे, मग नदी ओलांडून लाओसच्या डोंगरातल्या गावांकडे. बायका खाली बसल्या. चेंगनं बहिणीला हातानं खूण केली, बस म्हणून.

काबाओ उभीच होती.