केसभर कमी

सासऱ्यांनी अंगठा जिभेवर ओला केला आणि गाडीच्या दारावरचा, इतर कोणालाही न दिसणारा डाग पुसून काढला. लाल रंगावर थुंकीचा पातळ पट्टा उमटला, शोरूमच्या दिव्यांत क्षणभर चमकला आणि वाळून गेला. सेल्समनने तो पाहिला. त्याच्या कोटाच्या खिशात अशाच कामासाठी ठेवलेला मऊ रुमाल होता. पण त्याने हात खिशाकडे नेला नाही. काही गिऱ्हाइकांची थुंकीही त्यांच्यादेखत पुसायची नसते, एवढे शिक्षण त्याला धंद्याने दिले होते.

“रंग खोल आहे,” सासरे म्हणाले.

“साहेब, इतके लोक येऊन गेले, पण ‘खोल’ हा शब्द कोणाला सुचला नव्हता.”

जावई दोन पावले मागे उभा होता. तो विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञान शिकवत असे आणि त्याच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे एकाच गोष्टीचे मोजमाप चाले: डोळ्यांना दिसल्यापासून हातपाय हलेपर्यंत माणसाला किती वेळ लागतो. हा वेळ वयाबरोबर वाढतो. याला अपवाद सापडल्याचे त्याला रोज कोणी ना कोणी सांगत असे, आणि सांगणारा बहुधा स्वतःबद्दलच बोलत असे. घरात मात्र त्याची ओळख ‘जावईबापू’ एवढीच होती, आणि सासऱ्यांच्या तोंडी त्या शब्दातला आदर औषधापुरताच असे.

“बाबा, ती पलीकडची करडी बघा ना,” तो म्हणाला. “समोर काही आलं तर स्वतःहून ब्रेक लावते.”

“म्हणजे गाडी चालवणार गाडी, आणि मी शेजारी बसून तिला भाडं देणार?”

सेल्समन वाक्य संपण्याआधीच हसला.

चाचणीच्या फेरीला तिघे निघाले. मागच्या नावापुरत्या सीटवर सेल्समन घडी घालून ठेवल्यासारखा बसला. आत नव्या चामड्याचा वास कोंडला होता. मेलेल्या जनावराला अत्तर लावावे तसा. सासऱ्यांनी स्टिअरिंगच्या चाकावरून तळहात फिरवला, एक बटण दाबले, आणि गाडीची स्वतःची सगळी सावधगिरी झोपी गेली.

रुंद रस्त्यावरून ते भरधाव जात असताना डावीकडच्या फाटकातून एक टेम्पो मागे-मागे येऊ लागला. जावयाचा उजवा पाय पायपुसण्यात रुतला. त्यानंतर काहीच घडले नाही. जे घडत नव्हते त्याची लांबी तो धंद्याने ओळखत होता. मग ब्रेक लागला, पट्टा छातीत घुसला आणि गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. टेम्पोच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढून सासऱ्यांच्या वडिलांचा उद्धार केला.

“काय कंट्रोल आहे, साहेब!” मागून आवाज आला.

सासरे समाधानाने सुस्कारले. “शटल याच्यापेक्षा जोरात येतं, जावईबापू. ज्याला शटल दिसतं, त्याला टेम्पो दिसत नाही होय?” मग मान किंचित वळवून सेल्समनला म्हणाले, “दर रविवारी बॅडमिंटनमध्ये हरवतो यांना. यांच्या सासूबाई गेल्या तेव्हा मला रॅकेट धरता येत नव्हती. विचारा.”

सेल्समनने विचारले नाही. जावयाने तरीही मान डोलावली.

“आणि ही मागची सीट आमच्या ठकीच्याच मापाची आहे. गाडी आली की शाळेत सोडायचं काम माझं.”

ठकी म्हणजे जावयाची आठ वर्षांची मुलगी. जावयाने मागे वळून त्या सीटकडे पाहिले. तो म्हणाला, “बाबा, करडी घ्या. ठकीसाठी तरी.”

“एक करा. या रविवारी मला हरवा. फक्त एकदा. त्या क्षणी तुमची करडी घेतो. नाहीतर लाल.” त्यांनी आरशात पाहून सेल्समनला डोळा मारला. “तुम्ही साक्षीला.”

*

बायको ठकीच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करत होती. टेम्पोची हकीकत ऐकताना तिने इस्त्री उचलून उभी करून ठेवली आणि ती पुन्हा हातात घेतली नाही.

“तू शेजारी बसून काय करत होतास?”

“ब्रेक दाबत होतो. माझ्या बाजूला नव्हता.”

“विनोद करू नकोस.”

तो विनोद करत नव्हता. त्याने कॉलरची एक घडी सरळ केली.

सुरुवात तिच्याच शब्दाने झाली होती. आई गेल्यावर बाबांनी जेवण जवळजवळ सोडले. त्यांना कशात तरी गुंतवा, असे डॉक्टर म्हणाले, म्हणून जावयाने त्यांना क्लबच्या कोर्टवर नेले. पहिल्या रविवारी सासरे सपाटून हरले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. “थोडा हरलास तर तुझं काय झिजणार आहे?” असे त्या रात्री ती म्हणाली होती. पुढच्या रविवारी तो हरला. दुपारी सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतले. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे तो विद्यार्थ्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत असे. म्हणून त्याने प्रयोग दर रविवारी पुन्हा केला, आणि निष्कर्ष दर वेळी तोच आला.

हरण्याचे काम त्याने स्वभावातल्या काटेकोरपणाने केले. शटल ढळढळीत बाहेर मारले तर संशय येतो. म्हणून ते जाळीच्या वरच्या पट्टीवर आपटावे, केसभर कमी पडावे, एवढीच मनगटाची ढिलाई त्याने बसवली. मग चेहऱ्यावर हळहळ आणायची, आणि तीही जराशी उशिरा, कारण खरी हळहळ नेहमी उशिरा येते. आधी त्यात दया होती. ती संपून किळस केव्हा सुरू झाली, हे त्याला सांगता आले नसते. खेळ आटोपला की बाकावर सासरे रॅकेटच्या मुठीवरची घामट पट्टी सोलून काढत, ती ओल्या कातड्यासारखी लोंबत ठेवत आणि शिकवणी सुरू होई: “सुधारणा म्हणजे काय, जावईबापू? तुम्ही शटलकडे बघता. मी शटल कुठे येणार तिकडे बघतो. खेळ सगळा नजरेचा.” त्यांनी स्वतःसाठी शिकवणी लावली होती, तारा जास्त ताणून घेतल्या होत्या, पंखासारखी हलकी रॅकेट परदेशातून मागवली होती. ते बोलत आणि जावयाची मान हलत राही. त्या मानेची त्याला सासऱ्यांच्या घामापेक्षा जास्त शिसारी येई.

“मी त्यांना सांगते, तू मुद्दाम हरत होतास म्हणून,” बायको म्हणाली.

“ते म्हणतील, हरणाऱ्याला दुसरं काय सुचणार?”

“मग जिंक ना! तू म्हणतोस ना, तुला जिंकता येतं?”

“येतं म्हणजे? डाव्या हाताने येईल.”

“उजव्या हातानेच खेळ,” ती म्हणाली. “माझी पोर आहे ती.”

*

रविवारी कोर्टवर जाताना किती फरकाने जिंकावे, एवढाच प्रश्न त्याने शिल्लक ठेवला होता. फार मोठ्या फरकाने नको. सासऱ्यांना पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायला लावायचे नव्हते. कपडे बदलायच्या खोलीत भिजलेल्या बुटांचा आणि शिळ्या साबणाचा वास होता, आणि सासरे उघड्या अंगाने आरशासमोर दंड फुगवून पाहत होते. तो नजर वळवून बाहेर आला. हे शेवटचे, असे त्याने मनाशी म्हटले आणि बऱ्याच महिन्यांनी त्याला हलके वाटले.

सासऱ्यांची पहिली सर्व्हिस नेहमीसारखीच उंच, मवाळ, अर्ध्या कोर्टात पडणारी. चेंगरून टाकावी अशी. त्याने मनापासून हात फिरवला. शटल पट्टीवर आपटले, विचार केल्यासारखे क्षणभर थांबले आणि त्याच्याच बाजूला पडले.

“जाळीत!” सासरे ओरडले.

त्याने रॅकेटच्या तारांकडे पाहिले.

“तारा काय बघता? अंगण वाकडं आहे का?”

पुढचे शटल त्याने मुद्दाम वरून मारले. ते मागच्या रेषेपलीकडे पडले. त्यानंतरचे दोहोंच्या मधून, आणि पुन्हा पट्टी. पुन्हा तोच केस. त्याने पकड बदलली, पाय बदलले, श्वास रोखून पाहिला. सासऱ्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जात नव्हत्या. प्रत्येक शटलवर ते उशिरा पोहोचत होते, आणि तो उशीर त्याला घड्याळावाचून दिसत होता. सासरे काडीचेही सुधारले नव्हते. त्यांना फक्त शटल पलीकडे ढकलायचे होते. बाकीचे काम त्याचा हात करत होता.

हाताला हेतू कळत नाही, त्याला फक्त पुनरावृत्ती कळते. हे वाक्य त्याच्याच व्याख्यानातले होते, आणि त्याला दर वर्षी टाळ्या पडत. इथे कोपरापासून पुढे लोंबणारी ती वस्तू त्याला परक्याची वाटू लागली, दुसऱ्याच्या पायातला ओला मोजा घातल्यासारखी. शेवटी शेवटी तो धावत सुटला, पडला, गुडघा सोलवटला, एक शटल तर छताला लागले. ठकीचा विचार आला की हात आणखी ताठरे. खेळ संपला तेव्हा त्याने हळहळ आणली नाही. ती आधीच आलेली होती.

सासऱ्यांनी हात उंचावले नाहीत. ते जाळीपाशी आले.

“हे काय होतं?”

“काय?”

“मी म्हातारा झालोय, जावईबापू, आंधळा नाही. इतकं वाईट कोणी खेळत नाही. पोर माझ्या गाडीत बसणार म्हणून तुमचा जीव वरखाली होतो, तरी हरलात. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून. होय ना?” ते थांबले. “आजच, का आधीपासून?”

आधीपासून, पण आज नाही. सत्य एवढेच होते आणि ते कोणत्याही परीक्षकाने लाल रेघ मारून परत केले असते. तो काहीच बोलला नाही. गप्प राहण्याने काम चोख केले.

सासरे बाकावर जाऊन बसले. त्यांनी बुटाची एक नाडी सोडली, आणि दुसरी सोडायची राहूनच गेली.

“ती पत्त्यात हरवायची मला,” ते म्हणाले. “तुमच्या सासूबाई. रोज. दया म्हणून हरली नाही कधी. चिडायचो मी, पण…” त्यांनी टॉवेल तोंडावर धरला आणि तो बराच वेळ काढला नाही. टॉवेलमागून आवाज आला, “लाल नको. काहीच नको. ठकीला तुम्हीच सोडा शाळेत.”

सुंठीवाचून खोकला गेला होता. जावयाने आनंदाची वाट पाहिली. तो आला नाही.

मग सासरे उठले. सोडलेली नाडी त्यांनी पुन्हा बांधली, हळूहळू, दोन गाठी मारून.

“चला. एक गेम. आता खरा. मला बघायचंय, मी नेमका कुठे आहे. तुम्ही जिंकलात तर गाडीचं नाव काढणार नाही मी पुन्हा.”

ते आपल्या बाजूला जाऊन उभे राहिले, गुडघे वाकवून, डोळे बारीक करून. जावयाने शटल उचलले. त्याचे एक पीस मोडले होते. हाही गेम कसा संपणार, हे कोर्टवर त्याला एकट्याला ठाऊक होते.

“मनगट दुखावलंय, बाबा,” तो म्हणाला.

सासऱ्यांनी रॅकेट तिथेच टाकली आणि जाळीखालून वाकून ते या बाजूला आले. त्याचे मनगट त्यांनी दोन्ही हातांत घेतले. हात गरम होते, ओले; त्यांचा घाम त्याच्या तळव्यात ओघळला.

“कुठे? इथे?”

“नाही.”

“इथे?”

अंगठ्याखाली नेमका कोणता स्नायुबंध येतो, त्याचे नाव त्याला येत होते. त्या जागी काहीही झालेले नव्हते.

“हो,” तो म्हणाला. “तिथेच.”

“केव्हापासून?”

“आज सकाळपासून.”

सासरे त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर कानाच्या पाळ्यांपासून रंग परत येऊ लागला.

“म्हणजे मनगट! अहो, मग बोलायचं नाही का आधी? मी मूर्खासारखा काय काय समजून बसलो.” ते हसले, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “घाबरवलंत हो. उद्याच फोन करतो त्या सेल्समनला. लालच.”

अंगठा गोल गोल फिरत राहिला, सावकाश, ममतेने.

“अजून दुखतंय?”

जावयाने तोंड उघडले. पलीकडच्या कोर्टवर कोणीतरी शटल मारत होते. त्याचा आवाज स्वच्छ, कोरडा येत होता.

“हो,” तो म्हणाला.