दोनदा लिहिलेला ‘मंद’

भट्टीवाल्या बाईंना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नसे. पण भांडी भाजायच्या भट्टीच्या झरोक्यातून नुसता रंग बघून आच सांगण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्या कोणाला विसरूही देत नसत.

भट्टी चालवायचं मात्र कोपऱ्यातलं जुनं मशीन. बाईंच्या यजमानांनी त्याला फोर्थ नावाच्या संगणकी भाषेत शिकवून ठेवलं होतं. त्या भाषेत हुकमांना शब्द म्हणतात आणि शब्दांच्या याद्या असतात. कप, कुंड्या, बरण्या, ज्याची त्याची यादी वेगळी. ‘मंद’ तिन्हींत होता, पण प्रत्येकीत त्याची आच निराळी. जी यादी पुढे ठेवाल तिचं मशीन आधी ऐकणार. घोळ एवढाच, की यजमानांनी याद्यांना नावं दिली नव्हती. विचारलं की पडद्यावर नुसते आकडे. कोणता आकडा कशाचा, ते त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते मागच्या वर्षी गेले.

उद्या बरण्या भाजायच्या होत्या. याद्यांचा अर्थ लागला नाही तर मशीन भंगारात, असं मुलाने ठरवून टाकलं होतं. सून सकाळपासून पडद्याला डोळे लावून बसलेली. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, तू वाच, मी सांगते.

अक्षरं इंग्रजी असली तरी शब्द सगळे घरचेच निघाले. ‘कान’ आला तशी बाई म्हणाल्या, ही कपांची. ‘भोक’ आलं, तर ही कुंड्यांची, एवढंही कळत नाही का? सुनेने दोन्ही याद्यांना नावं दिली.

तिसरी बरण्यांची. तिथे सून अडली. यादीत ‘मंद’ दोनदा होता. नवा शब्द वर दिसतो, जुना खाली, आणि मशीन वरचाच मानतं. खालचा झटपट तापवणारा, वरचा फारच सावकाश.

कोणता खरा, हे तिच्या मते उघड होतं. बाईंनी सांगितलेली आच बरोबर होती, मशीनने माती खाल्ली आणि अख्ख्या भट्टीभर बरण्या तडकल्या, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. बाईंनी वीस वर्षं येता-जाता तेच ऐकवलं होतं, पाहुण्यांसमोरसुद्धा. यजमान तेव्हा नुसता चष्मा पुसत बसायचे.

“आई, खालचा तुमचा ना? मग वरचा काढून टाकते.”

बाईंनी टेबलावरच्या धुळीत बोटाने एक रेघ ओढली. मग दुसरी. बोलावं तर वीस वर्षांचा तोरा जातो, गप्प बसावं तर उद्याच्या बरण्या जातात.

“हात लावू नकोस,” त्या म्हणाल्या. “खालचा माझा. त्यानेच तडकल्या. वरचा ह्यांचा. नंतर भट्टी अर्धा दिवस जास्त चालायला लागली आणि एकही बरणी फुटली नाही. मला दिसत होतं. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत.”

सुनेने कळफलकावरचा हात मागे घेतला. एरवी हिला तोंड असतं, नेमकं आज नाही, याचाच बाईंना राग आला.

मग सुनेने सांगितलं, की खालचा पुसायचा म्हटलं तरी एकटा पुसता येत नाही, त्याच्यानंतरचं सगळं त्याच्याबरोबर जातं.

“मग राहू दे. दिसू दे.”

“यादीला नाव ‘बरण्या’च देऊ?”

“‘ह्यांचं’ दे.”

सुनेने ते दिलं, यादी पुढे ठेवली आणि मशीनला याद्यांचा क्रम विचारला. आता आकड्यांच्या जागी नावं उमटली.

“पहिलं कोणाचं ऐकणार म्हणतंय?”

“ह्यांचं.”

“या घरात पहिल्यांदाच,” बाई म्हणाल्या, आणि भट्टीचं दार नीट लागलंय का बघायला उठल्या.