‘संध्याकाळची गाडी’ आणि पांढरा घोडा

सान तिमोतेओच्या माणसाला गप्प करायचं असेल तर निवडणुकीत मत कुणाला दिलं ते विचारावं, आणि बोलतं करायचं असेल तर पन्नासच्या दशकातला सगळ्यांत चांगला सिनेमा कोणता ते विचारावं. बुल्मारो न्हाव्याच्या दुकानात तीन आठवडे हाच प्रश्न पेटला होता. तेवढ्या काळात निम्मं गाव एका गालाला साबण लावून भांडत होतं.

कारणही तसंच होतं. गावच्या थिएटरचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं होतं. जानेवारीत गावच्या संताचा उत्सव, आणि त्या दिवशी राजधानीतल्या संग्रहालयातून त्या दशकातला एक जुना सिनेमा येणार होता. एकच. कोणता, ते गावानं ठरवायचं होतं.

अशा वादात शेवटचा शब्द फिदेन्सिओचा. तीस वर्षं त्या थिएटरचं मशीन त्यानंच चालवलं होतं. तो खुर्चीत बसला, गळ्याशी टॉवेल नीट केला आणि म्हणाला, “‘विधवांची शर्यत’.”

बुल्मारोचा वस्तरा हवेतच थांबला.

“डॉन फिदेन्सिओ, तब्येत बरी आहे ना? त्या सिनेमात पाचवी विधवा मध्येच गायब होते. कुणी विचारतसुद्धा नाही कुठं गेली!”

“तेच तर त्यातलं गूढ.”

“गूढ कसलं डोंबलाचं! त्यापेक्षा ‘मुका घंटावाला’ लावा,” निवृत्त शिक्षिका एदुविहेसबाई दारातून म्हणाल्या. “दोन तास त्यात कुणी तोंड उघडत नाही. या गावाला तेवढंच शिकायचं राहिलंय.”

एवढ्यात फिदेन्सिओची बायको ओतिलिया पेरूंची टोपली घेऊन आली. दारातच थांबून तिनं आत चाललेली खडाजंगी ऐकली.

“‘संध्याकाळची गाडी’,” ती म्हणाली. “यात वाद कसला घालताय?”

सगळेच माना डोलवू लागले. बरोबरच होतं, याहून चांगला सिनेमा त्या दहा वर्षांत झालाच नव्हता. एदुविहेसबाईंनी तर डोळे पुसले. फिदेन्सिओ मात्र टॉवेलसारखा पांढरा पडला होता.

हे दुखणं अडतीस वर्षांचं होतं. छप्पन्न साली या सिनेमाची एकच प्रत सान तिमोतेओ आणि शेजारच्या एल सालित्रेमध्ये फिरायची. तिकडे एक रीळ संपलं की ते बसमधून इकडे यायचं. त्या रविवारी शेवटच्या रिळाचा डबा कोंबड्यांच्या खुराड्यांखाली बसच्या टपावरच राहिला आणि बस पुढच्या गावाला निघून गेली. रोसेंदा घोडेस्वार प्रियकराला सोडून श्रीमंत वकिलाच्या मागोमाग स्टेशनवर पोचली, आणि पडदा पांढरा! लोक बाकं आपटायला लागले. फिदेन्सिओनं एका फुटक्या डब्यातले जुन्या सिनेमाचे तुकडे काढले आणि एक लग्नाचा प्रसंग जोडून दिला. नवरीचं तोंड घुंगटात, नवरा पाठमोरा, त्यामुळे रोसेंदा परत येऊन घोडेस्वाराशीच लग्न करते, असं खपून गेलं. नवरी एका मिनिटात वीसेक किलोंनी भरली होती आणि प्रियकराचा काळा घोडा पांढरा झाला होता, पण तेवढं कोण बघतो. पुढे एदुविहेसबाईंनी मुलांच्या तीन पिढ्यांना शिकवलं की पांढरा घोडा म्हणजे शुद्ध झालेलं मन.

एल सालित्रेचे लोक शपथेवर सांगत की रोसेंदा गाडीत चढते आणि निघून जाते. सान तिमोतेओचं त्यावर एकच उत्तर असे: सालित्रेवाले शेवटच्या रिळाला घोरतात.

हे सगळं चाललं असतं. पण त्या दिवसांत ओतिलियाचं लग्न सालित्रेच्या मक्याच्या व्यापाऱ्याशी, देमेत्रिओशी, ठरत आलं होतं. सिनेमा पाहून दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला नकार कळवला आणि महिन्याभरात आपल्या जुन्या प्रियकराशी, या फाटक्या मशीनवाल्याशी, लग्न केलं. “रोसेंदा परत आली, मग मी कोण लागून गेले?” हे वाक्य ती आजही पाहुण्यांना ऐकवायची, आणि प्रत्येक वेळी फिदेन्सिओ पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायचा. आपला संसार एका थापेवर उभा आहे हे तिला या वयात कळलं तर? त्या विचारानं त्याला खरंच रडू यायचं.

त्यानं प्रयत्न कमी केले नाहीत. फीत कुजली असेल म्हणाला, उंदरांनी खाल्ली असेल म्हणाला. शेवटी संग्रहालयाचं पत्र आलं: प्रत उत्तम आणि अखंड आहे. ‘अखंड’ हा शब्द त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचला.

उत्सवाच्या दिवशी दुपारी थिएटर गच्च भरलं. सालित्रेचे पाचसहा म्हातारेही पुढच्या रांगेत मिशांना पीळ देत बसले होते. दीड तास सगळं छान चाललं. मग रोसेंदा स्टेशनवर आली, गाडीत चढली, गाडी सुटली आणि सिनेमा संपला.

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एकदम भडका उडाला.

“कापला! राजधानीवाल्यांनी शेवट कापला!”

“घोडा कुठंय? आमचा पांढरा घोडा कुठंय?” एदुविहेसबाई खुर्चीवर चढून ओरडत होत्या.

“आम्ही काय सांगत होतो!” सालित्रेचा एक म्हातारा म्हणाला.

“तुम्हीच कापायला लावला असेल!” बुल्मारो त्याच्यावर धावून गेला, आणि मग वळून म्हणाला, “डॉन फिदेन्सिओ, तुम्ही सांगा. त्या वेळी मशीनवर तुम्हीच होतात ना?”

“जुन्या प्रतींचं... काही सांगता येत नाही,” फिदेन्सिओ पुटपुटला आणि ओतिलियाचा हात धरून बाहेर पडला.

चौकात तामालेसचा, पानात उकडलेल्या मक्याच्या पिठाचा, वास सुटला होता. चर्चपर्यंत त्यानं कशीबशी कळ काढली.

“ओतिलिया, तो शेवट मी—”

“चिकटवला होतास. माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. आदल्या दिवशी, शनिवारी, सालित्रेत पाहिला होता मी तो सिनेमा. एका बाजूला देमेत्रिओ, दुसऱ्या बाजूला त्याची आई. रोसेंदा गाडीत चढली तशी म्हातारी म्हणाली, ‘शहाणी मुलगी.’ मलाही तसंच वाटलं. रविवारी इकडे आले होते ते तुझा निरोप घ्यायला. तर पडद्यावर ती जाडी नवरी! सगळं थिएटर रडत होतं आणि मी शालीत तोंड खुपसून हसत होते. म्हटलं, हा माणूस मला जाऊ द्यायचा नाही.”

गप्प बसला असता तर निभावून गेलं असतं. पण अडतीस वर्षं गप्प बसून तो कंटाळला होता.

“अगं, ते तुझ्यासाठी नव्हतं. रीळ आलंच नाही. लोक बाकं तोडतील म्हणून मी घाबरलो होतो.”

“तेही माहीत आहे. बसचा कंडक्टर माझा मामाच ना. त्या डब्यात काय काय होतं, सांग बरं.”

“सगळ्यांत वर एक अंत्ययात्रा. मग बैलांची झुंज. आणि तळाशी ते लग्न.”

“अंत्ययात्रा सगळ्यांत वर होती म्हणतोस. तीच जोडायची की! गाडीखाली आली, पुरली, संपलं. घोड्याचीही भानगड नाही.”

फिदेन्सिओ उभा राहिला. त्या रविवारी खालून बाकं आपटत होती, आणि तरी त्यानं अंत्ययात्रा बाजूला सारून, झुंज बाजूला सारून, तळातला तुकडा उपसून काढला होता. मशीनच्या खोलीच्या झरोक्यातून तिसऱ्या रांगेतली ओतिलिया दिसत होती. असं का केलं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

“आता रडू नकोस, म्हाताऱ्या. उद्या सगळं गाव दारात येईल, खरा शेवट दाखवा म्हणून. तो डबा आहे ना?”

“माळ्यावर आहे. संग्रहालयाच्या फितीला कात्री लावायची नाही हं, नंतर वेगळा लावीन. पण यंदा नवरी जरा बारीक शोधू का?”

“काही नको,” ओतिलिया म्हणाली. “आपल्या लग्नात मी तेवढीच होते.”