पाण्याने लिहिलेली कादंबरी

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून मी पेला थान काकीपुढे सरकवला. चहाचं दुकान तिचं. एरवी त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी ओतताना ती कुरकुरते, आज निमूट ओतलं. कारण समोर लुओ मास्तरांची मुलगी बसली होती, थेट राजधानीतून आलेली. मास्तर आमच्याच गावात वारले. त्याआधी त्यांनी एक कादंबरी पुरी केली, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. तिला त्या कादंबरीचा शेवट हवा होता.

"काका, आठवेल तेवढं सांगा."

"आठवेल तेवढं? पोरी, मला स्वल्पविरामसुद्धा पाठ आहेत."

मास्तर विद्यापीठात जुनं साहित्य शिकवायचे, कादंबऱ्या लिहायचे. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या धुमाकुळाच्या वर्षांत त्यांची पुस्तकं जाळली आणि त्यांना आमच्याकडे खळं झाडायला धाडलं. कागद-शाईला बंदी. पाण्याला बंदी घालायची मात्र राहून गेली. मास्तरांनी बांबूच्या टोकाला डुकराचे केस बांधले आणि खळ्याच्या फरश्यांवर पाण्याने लिहू लागले. बादली धरायला मी.

"ऊन असं, की वाक्य संपेपर्यंत पहिलं अक्षर गायब. एकदा तर बदकांनी अख्खं प्रकरण पिऊन टाकलं. पुढे कितीतरी दिवस ती तळ्याकाठी उभी राहून नुसता विचार करायची."

"आणि अंडी?" शेजारच्या न्हाव्याने विचारलं.

"छापील."

सगळे हसले. मुलगीही हसली, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

"शेवटच्या उन्हाळ्यात मास्तरांची नजर गेली," मी म्हणालो. "हात सवयीने चालायचा, पण उमटलेलं त्यांना दिसायचं नाही. गावातले तिकडे बघायलाही भ्यायचे. शेवटचं पान लिहून झालं तसे ते म्हणाले, 'मिआओ, वाळायच्या आत वाच. एका माणसाने वाचलं तरी मला पुरे.'"

"मग?"

"वाचलं की. शब्द न् शब्द. नावाडी म्हातारा होऊन परत येतो, तर बायको घाटावर दिवा धरून उभी. मी म्हटलं, मास्तर, रडवलंत. त्यांनी माझा हात घट्ट धरला. किती वेळ सोडलाच नाही. तोवर फरशी कोरडी."

मुलगी भराभर लिहून घेत होती. मग पेन थांबलं.

"काका, अगदी शेवटचं वाक्य काय होतं? बाबांच्या शब्दांत सांगा. तेवढंच."

मी पेल्याचं झाकण उचललं, परत ठेवलं. चहाची पानं तळाशी बसली होती.

थान काकीने किटली टेबलावर ठेवली.

"पुरे झालं, मिआओभाऊ," ती हळूच म्हणाली. "बस कुठली आली ते रोज मला विचारता, पाटी वाचायला अक्षरं कधी शिकलाच नाहीत म्हणून. तुम्ही ते पान वाचलं कसं?"