कोमट कार्ड

कडेचे सोनेरी दात... बारीक, एकसारखे, बाळाच्या पहिल्या दातांसारखे. त्यांवरून त्याने अंगठा फिरवला. कार्ड अजून कोमट होतं. शेजारी नवं, पिशवीतून न काढलेलं.

घरच्या छोट्या सर्व्हरमधलं, डिस्क चालवणारं मूळ कार्ड महिन्यापूर्वी जळालं आणि दोन्ही डिस्क मुक्या झाल्या — कार्डाने त्या स्वतःच्याच पद्धतीने लिहिलेल्या, त्याच मॉडेलच्या कार्डाशिवाय वाचता न येणाऱ्या. नवं जलद, पण ते आधी डिस्क कोऱ्या करायला लावणार. "साहेब, आत काही जिवाचं असेल तर हे जुनं, तुमच्याच मॉडेलचं न्या," दुकानदार म्हणाला होता, "नसेल तर ही अडगळ कशाला उरावर?" त्याने दोन्ही आणली.

आत आई होती. अंथरुणावरच्या शेवटच्या वर्षातली, त्यानेच रेकॉर्ड केलेली. कुशीवर वळताना गुणगुणणारी, ओळीओळीत लेकीला गुंफणारी — लेक माझी चांदणी, लेक माझी सावली... लेकाला त्या गाण्यात कुठे जागाच नव्हती. आज सकाळी जुनं कार्ड बसवलं, डिस्क बोलल्या, आणि आई फोनवर त्याच्या धाकट्या बहिणीला सांगताना ऐकू आली : "करतो गं सगळं. पण हात कसा, यंत्रासारखा. तू असतीस तर..." तिथेच त्याने सर्व्हर बंद करून कार्ड उपसून काढलं.

अकरा महिने. नखं मी कापली, आई. एकदाही रक्त येऊ दिलं नाही.

फोन वाजला. धाकटीच.

"दादा, मिळालं का रे कार्ड?"

"कुठलं मिळतंय! शोधतोय."

"अरे, महिना झाला. तुला तर म्हणे जगातलं सगळं भंगार ठाऊक." ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "शेवटी मला येता आलं नाही रे. निदान तिचा आवाज... नुसतं खोकलेली असली तरी चालेल."

"डिस्क गेल्यातच जमा धर."

ती रडू लागली. तो ऐकत राहिला. फोन कानाशी घट्ट धरून, एकही हुंदका सांडू नये असा. किती वर्षांनी कुणी त्याच्याकडे असं काही मागत होतं... आणि ते त्याच्या मुठीत होतं. कोरं करून टाकलं तर मागणंच संपेल. दिलं तरीही संपेल.

"दादा, आहेस ना?"

"आहे गं, राणी," तो म्हणाला, इतक्या मायेने की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "उद्या कर फोन. बघतो मी."

नवं कार्ड त्याने पिशवीसकट खणात ठेवलं. जुनं मुठीतच होतं. ते केव्हाच गार झालं होतं. हात मात्र गरम होता.